अ‍ॅप घेऊ का म्हणून विचारताय, आधी हजेरी बोनस बघा

पत्र: ताई नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, ७० माणसं, त्यातली २५ ठेकेदाराची. मुलगी पुण्यात आयटीत आहे, तिच्या कंपनीत स्टाफसाठी समुपदेशन, ध्यानाचं अ‍ॅप, वेलनेस डे असं बरंच काय काय आहे, ती मागं लागलीय की बाबा तुम्ही पण द्या. एका कंपनीचं कोटेशन आलंय, माणशी वर्षाचे पैसे. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात असले लाड केले की लोक डोक्यावर बसतात. हे आत्ताच डोक्यात यायचं कारण म्हणजे आमचा एक व्हीएमसी (धातूचे पार्ट कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन) ऑपरेटर, १२ वर्षं जुना, सोन्यासारखा माणूस, दोन महिने झाले खाडे करतोय, पार्ट रिजेक्ट जातायत, आणि परवा डबा खाताना म्हणाला की आता सगळ्याचाच कंटाळा आलाय. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, तर आम्ही भरतोच, मग अजून वेगळं काय करायला पाहिजे? आणि यंदा दिवाळीला बोनसच्या ऐवजी हे पॅकेज दिलं तर चालेल का?
एक कारखानदार, कुपवाड

दादा, कोटेशन ड्रॉवरमध्ये टाका आणि आधी त्या ऑपरेटरशी बोला. पत्र मिळालं त्याच दिवशी हा भाग मी तुम्हाला मेलवर कळवलाय, तरी बाकीच्या वाचकांसाठी परत लिहिते, कारण असा एखादा माणूस प्रत्येकाच्या शॉपमध्ये असतोच. त्याला केबिनमध्ये बोलावू नका, केबिनमध्ये बोलावलं की माणसाला पहिलं वाटतं मेमो आला. शिफ्ट सुटल्यावर चहाला घेऊन जा, गेटसमोरच्या टपरीवर नको, जरा लांब, आणि रिजेक्शनचा विषय अजिबात काढू नका. झोप लागते का, जेवण जातंय का, घरी कसं चाललंय एवढंच विचारा आणि गप्प बसा, तुम्ही गप्प बसलात की तो बोलेल. आणि "जीव नकोसा वाटतो का, स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का" हे सरळ विचारायचं. असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरचं कोणीतरी बोलावून घ्यायचं आणि सरळ सिव्हिलला न्यायचं. नाही म्हणाला पण मन खूप उदास आहे, रडू येतंय असं असेल तर १४४१६ हा नंबर द्या. टेलिमानस नाव आहे, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलंय, फुकट आहे, २४ तास चालतं आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या समोरच लावून दिला तरी चालेल, पण लागला की तुम्ही उठून बाहेर जा.

आणि त्यानं जे काय सांगितलं ते मॅनेजरच्या कानावर घालायचं नाही. तुमच्या बायकोलासुद्धा नाही.

आता पॅकेजचं. तुमच्या मुलीचा हेतू चांगला आहे, तिला नावं ठेवत नाही मी. पण तिच्या ऑफिसात जे चालतं ते कुपवाडच्या शॉप फ्लोअरवर तसंच्या तसं चालत नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या ऑफिसात तरी कितपत चालतं हा प्रश्नच आहे. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग नावाच्या संशोधकानं ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, २०२४ ला छापून आलं ते. ज्यांनी कंपनीनं दिलेली ध्यानाची अ‍ॅपं, ताण सोसायची ट्रेनिंगं असलं काही घेतलं होतं त्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा बरी दिसली नाही. एकावेळच्या पाहणीवरून सगळंच सिद्ध होत नाही हे मान्य, पण त्याचं म्हणणं मला पटतं की माणसाला सुधारत बसण्यापेक्षा काम कसं वाटून दिलंय, किती तास आहे, वरचा माणूस कसा वागतो ते सुधारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ ला कामाच्या जागेसाठी ज्या सूचना काढल्या त्यात पण कामाची परिस्थिती बदला आणि मॅनेजर लोकांना ट्रेनिंग द्या असं आहे. मॅनेजर लोकांना हं. तुमच्या त्या साहेबांना दाखवा हे.

तर अ‍ॅप घ्यायच्या आधी मी तुमचं हजेरीचं रजिस्टर बघितलं असतं. तुमच्याकडं हजेरी बोनस आहे का? बहुतेक असणारच, एमआयडीसीत सगळ्यांकडं असतो, महिन्यात एक खाडा झाला की निम्मा आणि दोन झाले की सगळा जातो. आता विचार करा, एका माणसाला मानसोपचारवाल्याकडं जायचंय. पहिल्या भेटीला अर्धा दिवस, औषध बदलायला १५ दिवसांनी परत, मग महिन्यानं परत, समुपदेशन असलं तर आठवड्याला एकदा. म्हणजे तुम्ही एका हातानं फुकट सेशन देणार आणि दुसऱ्या हातानं त्या सेशनला गेल्याबद्दल बोनस कापणार. कोण जाईल? त्यामुळं पहिली सवलत ही द्या की महिन्यात दोन अर्धे दिवस दवाखान्यासाठी, पगारी, हजेरी बोनसला धक्का नाही, आणि कुठला दवाखाना, कशासाठी हे विचारायचं नाही. दातासाठी गेला काय आणि डोक्यासाठी गेला काय. दोन्ही एकाच रकान्यात टाका, म्हणजे कोणाला काही कळायचा प्रश्नच येत नाही. चार लोक गैरफायदा घेतील, घेऊ देत, चार लोक आत्तापण आजीला दोनदा मारून सुट्टी घेतातच की.

ईएसआयचं तुम्ही एका वाक्यात लिहून मोकळे झालात पण खरा माल तिथंच आहे, आणि मी पैजेवर सांगते तुमच्या निम्म्या लोकांना त्यात काय काय मिळतं ते माहीत नाही. त्यांच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, तुम्ही ३.२५ टक्के भरता, ठेकेदाराच्या २५ जणांचे पण भरले जातायत ना हे बघायची जबाबदारी शेवटी तुमचीच. या पैशात ओपीडी आहे, औषधं आहेत, घरच्यांना पण आहे, आणि मानसिक आजार त्याच्या बाहेर नाही. आजारपणात ईएसआयच्या डॉक्टरनं सर्टिफिकेट दिलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, फक्त सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. लांबणाऱ्या आजारांची एक वेगळी यादी आहे ३४ आजारांची, त्यात सायकोसिस आहे, म्हणजे भास होणं, भलताच संशय घेणं या जातीतला आजार, त्यात दोन वर्षांपर्यंत ८० टक्क्यांनी पैसे मिळू शकतात. घरात असा माणूस असला की आपल्याकडं काय करतात, आधी देवर्षी, मग अंगारा, मग नोकरी सुटली की दवाखाना. नोकरी असतानाच दवाखाना केला तर पगाराचा मोठा भाग चालू राहतो हे कोणी सांगतच नाही त्यांना. एका शनिवारी पगाराच्या आधी अर्धा तास सगळ्यांना बसवा आणि मराठीत हे सांगा, स्लाइड वगैरे काही नको.

पण एक मेख आहे. ईएसआय फक्त २१ हजारांपर्यंत पगारवाल्यांना. तुमचा ऑपरेटर १२ वर्षं जुना आहे म्हणताय, त्याचा पगार २१ च्या वर गेला असेल तर तो ईएसआयमधून बाहेर पडलेला असणार, स्लिप काढून बघा. हा सगळ्यात उघडा पडलेला माणूस असतो बघा, पगार २३-२४ हजार, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, पोरांची फी, आणि ईएसआय गेलेलं. तुमचे सुपरवायझर, जुने सेटर, स्टोअरवाला, अकाउंटवाल्या मॅडम, सगळे याच गटात. यांच्यासाठी तुम्ही ग्रुप मेडिक्लेम काढलाय का? काढला असेल तर पॉलिसीचा कागद वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांना स्पष्ट सांगितलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजाराला द्या, २०१८ पासून कायदा लागू आहे, त्यामुळं एजंट म्हणाला की सायकियाट्रिक त्यात येत नाही साहेब, तर त्याला हे दाखवा. तरी पण खूश होऊ नका लगेच, कारण मेडिक्लेम मुळात अ‍ॅडमिट झाल्यावर पैसे देतो आणि नैराश्य, घबराट सुटणं, झोप न लागणं यातले बहुतेक पेशंट अ‍ॅडमिट होतच नाहीत, त्यांचा सगळा खर्च ओपीडीतला, डॉक्टरची फी आणि महिन्याच्या गोळ्या. म्हणजे कायद्यानं विमा आहे आणि हातात काही नाही. तेव्हा एजंटला ओपीडीचं वेगळं कव्हर किती पडतं ते विचारा, आणि जास्त पडत असेल तर विमा राहू दे, तुमच्याच खात्यातून माणशी वर्षाची एक रक्कम ठरवा दवाखाना आणि औषधासाठी.

बिलाचं तेवढं सांभाळा. बिल अकाउंटला आलं की त्यावर डॉक्टरचं नाव, गोळ्यांची नावं, आणि अकाउंटला बसणारी पोरगी त्याच माणसाच्या गल्लीतली. सांगली केवढी ती. बाहेरच्या सीएकडं बंद पाकीट जाऊ दे, तुम्हाला फक्त आकडा कळू दे.

कोटेशनवाल्यांकडं परत येऊ. असली सेवा घेऊच नका असं मी म्हणत नाही, मुळात ही कल्पना काही आयटीवाल्यांची नाहीये, अमेरिकेत १९४० च्या सुमाराला कारखान्यांतून कामगारांच्या दारूसाठी जे कार्यक्रम निघाले त्यातूनच पुढं हे वाढलं, म्हणजे तुमच्या धंद्यातलीच गोष्ट आहे. पण त्यांना काही प्रश्न लेखी विचारा. समुपदेशक मराठी बोलणारा आहे का, आणि मराठी म्हणजे आमच्या तासगाव, जतच्या पोराला कळेल असं? फोनवर बोलता येतं की अ‍ॅपच पाहिजे? व्हिडिओ कॉल दोन खोल्यांच्या घरात कोण करणार, आई चुलीपाशी, बायको समोर, पोरं टीव्ही बघतायत. नाईट करून आलेल्या माणसाला दुपारी चारला वेळ मिळतो का? सेशन किती, तीन का सहा, आणि संपल्यावर पुढं कोणाकडं पाठवता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालकाला काय कळतं?

ते म्हणतील की नावं देत नाही, फक्त आकडे देतो. मोठ्या कंपनीत ठीक आहे. तुमच्याकडं ७० माणसं. समजा बायका पाचच आहेत आणि रिपोर्टमध्ये आलं की महिला: २, क्वालिटी डिपार्टमेंट: १, तर कोण ते शेंबडं पोर पण सांगेल. म्हणून रिपोर्टमध्ये बायका-पुरुष, डिपार्टमेंट, शिफ्ट असली काहीच फोड नको, वर्षाला एकच आकडा द्या म्हणून करारात लिहून घ्या. कशाला पाहिजे ती माहिती तुम्हाला? आणि माणशी पैसे का द्यायचे हा पण प्रश्न आहे, ७० जणांचे भरायचे आणि वापरणार पाच-सात. त्यापेक्षा सांगली-मिरजेतल्या एखाद्या चांगल्या समुपदेशकाशी सरळ बोला, जेवढी सेशन होतील तेवढ्याचं बिल, नाव नाही, चिठ्ठीवर नंबर. मिरजेतला असला तर अजून बरं. मिरजेला दवाखान्यात गेलतो म्हटलं की आपल्याकडं कोणी पुढं विचारत नाही, अर्धं कर्नाटक येतंय तिथं उपचाराला, कोण कशासाठी आलंय कुणाला कळत नाही. तेच सांगलीत भर चौकात मानसोपचाराची पाटी असलेल्या जिन्यावरून उतरताना पाव्हण्यानं बघितलं की संध्याकाळपर्यंत घरी फोन.

१४४१६ नंबर पगाराच्या स्लिपवर छापा आणि बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, नोटीस बोर्डावर नको. नोटीस बोर्डासमोर उभं राहून नंबर लिहून घेणारा माणूस मी तरी बघितला नाही.

आता जे कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं ते. तुमच्याकडच्या माणसाची झोप कशानं उडते? माझ्या अंदाजानं पहिला नंबर पैशाचा. फायनान्सवाले दारात बसतात, बचत गटाचा हप्ता, भिशी, वर मुलीचं लग्न. समुपदेशक त्याला श्वास मोजायला शिकवेल पण सोमवारी हप्तेवाला येणारच आहे. मग उचल द्यायची पद्धत नीट करा, आत्ता कशी असते, मालकाच्या मागं मागं फिरायचं, हात जोडायचे, मूड बघायचा, आणि मग दहा जणांसमोर "काय रे परत?" हे बंद. वर्षातून इतके, बिनव्याजी, इतक्या महिन्यांत पगारातून कपात, अर्ज दिला की दोन दिवसांत, आणि कारण विचारणं नाही. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत करायचा हा तर कायदाच आहे, तुमच्यासारख्या कमी माणसांच्या कारखान्याला, तरी एमआयडीसीत १२ नाहीतर १५ तारीख उजाडते, पार्टीकडून पेमेंट आलं नाही म्हणून. त्या आठ दिवसांत माणसाचा हप्ता बाउन्स होतो, त्यावर दंड बसतो, घरात भांडण लागतं. पगार वेळेवर करायला कुठलंच कोटेशन लागत नाही.

दुसरी गोष्ट पावसाची, आणि ही पुण्याच्या कुठल्याच वेलनेस कंपनीला सुचणार नाही. तुमच्या शॉपमध्ये सांगलीच्या गावभागातली, नाहीतर हरिपूर, पलूस, वाळव्याच्या नदीकाठची किती माणसं आहेत मोजा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, मग २०२१ ला परत पूर आला. त्या लोकांच्या घरात पाणी शिरलेलं आहे, जनावरं गेलीत, कागदपत्रं भिजलीत, आणि आता दर जुलैत कोयनेतून विसर्ग वाढवला असा मेसेज आला की त्यांचा हात मशीनवर आणि डोळा मोबाईलवर असतो. अशा माणसाकडून तुम्ही मायक्रॉनचं काम मागताय. पूररजा म्हणून चार-पाच दिवस पगारी ठेवा, पाणी इशारा पातळीला आलं की नदीकाठच्या माणसानं न विचारता घरी जायचं, सामान हलवायला कंपनीचा टेम्पो द्यायचा. उंचावरचे म्हणतील आम्हाला का नाही. त्यांना सांगा, तुमच्या घरात पाणी आलं की तुम्हाला पण.

शिफ्टचं पण बघा. त्या ऑपरेटरला डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर सुरुवातीला गुंगी येऊ शकते, अशा वेळी नाईटला मशीनवर उभं करणं म्हणजे बोट जायची वेळ आणणं. डॉक्टरला विचारून काही दिवस डे शिफ्ट, इन्स्पेक्शन नाहीतर पॅकिंगला द्या, पण ग्रेड तीच, पगार तोच. लोक म्हणतात साहेबांनी त्याला झाडूला लावलं, असं व्हायला नको. आणि शॉपमध्ये १२-१२ तासांच्या पाळ्या सतत चालत असतील तर बाकी सगळं सोडा आणि ते आधी कमी करा. ओटी, म्हणजे जादा तासांची मजुरी, दुप्पट दरानं द्यायची असते हे तुम्हाला माहीत आहे, पण दुप्पट दिली तरी महिनोन्‌महिने रोज चार तास जादा उभ्या राहिलेल्या माणसाला ध्यान शिकवून काही होत नाही, तो डोळे मिटले की झोपणार.

मॅनेजर साहेबांच्या "लाड" या शब्दावर मी जास्त बोलत नाही. त्यांना एवढंच विचारा की १२ वर्षं जुना सेटिंग येणारा ऑपरेटर सोडून गेला तर दुसरा किती दिवसांत मिळतो, आणि तोपर्यंत रिजेक्शन किती. आणि एक काम करा, मॅनेजर नसताना चार-पाच जुन्या माणसांना वेगवेगळं विचारा की साहेब बोलतात कसे. सगळ्यांसमोर आईबहिणीवरून शिव्या चालू असतील तर तुमचा खरा खर्च तिथं होतोय. बायका काम करतायत आणि एकूण १० किंवा जास्त माणसं आहेत म्हणजे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती पण कायद्यानं असायलाच पाहिजे, २०१३ पासून. ती फक्त फाईलमध्ये आहे का खरोखर बसते ते बघून घ्या, बायकांच्या ताणाचं निम्मं मूळ तिथं सापडतं.

राहिला शेवटचा प्रश्न, दिवाळीला बोनसऐवजी पॅकेज. नाही हो दादा, नाही चालणार. एक तर पात्र माणसाला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याचा हक्क आहे, त्याच्या बदल्यात कुठलं अ‍ॅप देता येत नाही. आणि दुसरं म्हणजे दिवाळीत पोरांना कपडे घ्यायच्या वेळी बापाच्या हातात ध्यानाचं कूपन दिलंत तर दुसऱ्या दिवशी समुपदेशकाची गरज तुम्हालाच लागेल. बोनस रोख द्या, वेळेवर द्या, आणि त्या ऑपरेटरचं काय झालं ते मला कळवा.